भितुर जाव नको

डॉक्टर लिफ्टमध्ये चढत नसत. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली नाही तर पुढच्या बसची वाट बघत. कुणी पेढे आणले तर आधी दुसऱ्या कुणीतरी खाऊन पाच मिनिटं धडधाकट राहिलं पाहिजे, मगच स्वतः तोंडात टाकत. केंद्रात सगळे त्यांना पाठीमागे 'भित्रे डॉक्टर' म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "भित्रा ही शिवी कशी काय झाली गो? शूर माणसांच्या बायकांना जाऊन विचार एकदा."

आमचं केंद्र म्हणजे आरे कॉलनीच्या टोकाला, डांबरी रस्ता संपून झाडी सुरू होते तिथली एक बैठी इमारत. मागे पिंजरे, पुढे दोन प्रयोगशाळा आणि मधोमध एक बिनखिडकीची खोली. पिंजऱ्यांत वाघाट्या होत्या. वाघाटी ही जगातली सगळ्यांत लहान मांजर. पुरती वाढलेली वाघाटीसुद्धा दोन ओंजळींत मावेल. अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके, डोळे मात्र वाघाचे. जंगलातून त्या कमी होत चालल्या होत्या. त्यांची पैदास करणं आणि त्यांचं बीज गोठवून पुढच्या काळासाठी राखून ठेवणं, हे आमचं काम. मी वाकोल्याहून यायचे. बी.एस्सी. झाले होते आणि सहा-सहा महिन्यांच्या करारावर टेक्निशियन होते. डॉक्टर साठीच्या आसपासचे, मूळ मालवणकडचे. उभं आयुष्य गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनात घालवून निवृत्त झाल्यावर, या कामातला अनुभवी हात म्हणून त्यांना बोलावून घेतलं होतं.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि पिंजरे सांभाळणाऱ्या घागकाकांना, पडवीत उभं करत आणि विचारत, "आज काय बिघडू शकतं?"

प्रत्येकानं एक भीती सांगायची. रोज नवीन. कालची चालत नसे.

घागकाका म्हणायचे, "पोट बिघडू शकतं, डॉक्टरसाहेब. कँटीनचा वडा खाल्लाय."

डॉक्टर हसत नसत. "लिहून ठेव गो," मला सांगत. "घाग मधेच गेला तर पिंजऱ्याच्या कड्या कोण बघणार?"

पहिले दोन-तीन महिने मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं की सकाळच्या बसमध्ये बसल्यापासून मी भीत्या शोधत असते. भुलीच्या बाटलीवरचं लेबल पुसट झालंय. तिसऱ्या पिंजऱ्याची जाळी खालून कुरतडल्यासारखी दिसते. वर्षभरात माझी झोप पातळ झाली. आई म्हणायची, "तुला त्या नोकरीत कोण छळतंय का?" छळत कुणीच नव्हतं. पण एकदा का तुम्हाला बिघडू शकणाऱ्या गोष्टी दिसायला लागल्या, की त्या दिसायच्या थांबत नाहीत.

संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत आम्ही तिघं मिळून चालत जायचो. त्या रस्त्यावर बिबट्या असतो हे तिथल्या पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. डॉक्टर रिकामा डबा चमच्यानं वाजवत मधून चालायचे. "त्यानं आपल्याला बघितलं तर काय नाय," म्हणायचे. "तो रोजच बघतो. फक्त अचानक भेट होता नये." मी हसायला बघायचे, पण माझी नजर झुडपांवरून हलायची नाही.

डॉक्टरांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा कागद होता. आमच्या दहा वाघाट्यांची वंशावळ. चौकोन म्हणजे नर, गोल म्हणजे मादी. रेघा वरवर जाता जाता सगळ्या तीनच खुणांपाशी पोचत होत्या. उसाच्या तोडणीत सापडलेली तीन पिल्लं, एकाच आईची. दोन बहिणी आणि एक भाऊ. त्यांच्यापासून ही सगळी प्रजा.

"हा संसार म्हणजे आरशासमोर आरसा," डॉक्टर एकदा म्हणाले. त्या आठवड्यात एका मादीची दोन पिल्लं गेली होती. जन्मली तीच अशक्त, दूध ओढताच येत नव्हतं. त्याआधीच्या वेतातही तेच झालं होतं. मी विचारलं की हे नेमकं होतं कशामुळे.

त्यांनी टेबलावरची दोन जुनी कॅलेंडरं ओढली. "समज, प्रत्येक जिवाकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक बापाकडची. प्रत्येक प्रतीतली दोन-चार पानं फाटलेली असतातच. तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या. पण एकीतलं फाटलेलं पान दुसरीत शाबूत असतं, म्हणून आपलं निभतं. आता दोन्ही प्रती एकाच घरातून आल्या, तर?" त्यांनी दोन्ही कॅलेंडरांचा मार्च महिना फाडला. "दोन्हीकडे तेच पान नाही. मग वाचणार काय?"

मग त्यांच्या सवयीप्रमाणे, कुणालाही विचारत तसं, त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आईवडिलांचं लग्नाआधी काही नातं होतं?"

"आई म्हणजे बाबांच्या मामाची मुलगी. आमच्यात होतात अशी लग्नं."

"भावंडं?"

"एक भाऊ होता. दीड वर्षाचा असताना गेला. मान धरत नव्हता."

डॉक्टरांचा हात तसाच थांबला. मग म्हणाले, "मी विचारायला नको होतं गो. आणि हे बघ, ते त्याच्यामुळेच झालं असं कोणी सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही."

पण त्या दिवशी घरी गेले तेव्हा आई भाकरी थापत होती आणि मी दारातच उभी राहून तिच्याकडे बघत राहिले. आत्याच्या मुलाचं स्थळ माझ्यासाठी दोन वर्षं घोळत होतं. मी त्याच आठवड्यात नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर माझ्याकडे एक फाडलेला मार्च महिना होता, तो आईला कसा दाखवणार?

त्यानंतरच्या हिवाळ्यात सह्याद्रीतून एक नर आला. डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात त्याचा पुढचा एक पाय गेला होता, त्यामुळे त्याला परत सोडता येणार नव्हतं. आमच्या वंशावळीतल्या कुणाशीही त्याचं नातं नव्हतं. भिंतीवरच्या त्या कागदावर डॉक्टरांनी एका कोपऱ्यात, सगळ्या रेघांपासून लांब, एक चौकोन काढला आणि नुसतं त्याच्याकडे बघत बसले.

घागकाकांना त्याचं नाव ठेवायचं होतं. डॉक्टरांनी ठेवू दिलं नाही. "नाव ठेवलं की दृष्ट लागते. अकरा नंबर म्हणा." त्यामुळे तो शेवटपर्यंत अकरा नंबरच राहिला.

अकरा नंबर माणसाच्या वासानंसुद्धा कोपऱ्यात जाऊन थिजायचा. मादीजवळ सोडला तर दोघं भिंतींना पाठ लावून बसायची. तेव्हा त्याला भूल देऊन वीर्य काढायचं आणि गोठवायचं ठरलं. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची म्हणजे औषधाचा एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी खेळ संपला. डॉक्टरांचे हात कापायचे. मला वाटलं होतं, काम सुरू झालं की थांबतील, असं आपण ऐकलेलं असतं. ते थांबले नाहीत. थरथरत्या हातांनीच ते सगळं करायचे, आणि बरोबर करायचे. माझं काम त्याचे श्वास मोठ्यानं मोजायचं. "एक... दोन... तीन..." मधेच पोटाची हालचाल थांबल्यासारखी वाटायची आणि माझं मोजणं तिथेच थांबायचं. "मोज गो!" डॉक्टर म्हणायचे. "तू थांबलीस तर मला वाटतं तो थांबला."

मुगाच्या दाण्याएवढा थेंब मिळायचा. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डॉक्टर एक डोळा मिटून बघायचे आणि हळूच म्हणायचे, "हलतायत." मग तो पातळ करून, काडीहून बारीक नळ्यांत भरून, द्रव नायट्रोजनच्या टाकीत जायचा. सहा खेपांत चोवीस नळ्या भरल्या. दुसऱ्या हिवाळ्यात अकरा नंबरची किडनी गेली आणि तीन दिवसांत तो संपला. डॉक्टर दोन दिवस कामावर आले नाहीत. त्यानंतर त्या बिनखिडकीच्या खोलीतली दोन नंबरची टाकी म्हणजेच अकरा नंबर, असं आम्ही धरून चाललो. पावसाळ्यानंतर दोन माद्यांना ते बीज द्यायचं ठरत होतं.

त्या खोलीला डॉक्टर जितके भीत तितके बिबट्यालाही भीत नसत. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. टाकीतून तो थोडाथोडा उडत असतो आणि बंद खोलीत साचला की श्वासातली प्राणवायूची जागा घेतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, हे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगायचे. म्हणून खोलीत एक पंखा हवा बाहेर फेकायचा आणि दाराबाहेर भिंतीवर एक पिवळा डबा होता. प्राणवायू कमी झाला की तो 'टीं टीं' करायचा. पण तो जुना झाला होता आणि कधीही वाजायचा. दमट हवेत वाजायचा, बॅटरी उतरली की वाजायचा. प्रत्येक वेळी डॉक्टर सगळ्यांना बाहेर अंगणात काढायचे. घागकाका वैतागायचे, "डॉक्टरसाहेब, डोकं त्या डब्याचं फिरलंय, तुमचं नाय. त्याचं कशाला मनावर घेता?" नवीन डब्यासाठी डॉक्टरांनी तीन अर्ज दिले होते.

मे महिन्यातला शनिवार होता. सकाळी वाऱ्यानं फांदी तारेवर पडली आणि आमच्या बाजूची वीज गेली. दुपारी दोनच्या सुमाराला वारा पूर्ण पडला होता. डबा वाजायला लागला. मी दाराच्या काचेतून मोबाईलचा उजेड आत टाकला. दोन नंबरच्या टाकीला बाहेरून पांढरा बर्फ धरला होता. म्हणजे टाकीच्या दोन भिंतींमधली पोकळी निकामी झाली होती आणि आतला नायट्रोजन भसाभस उडत होता. तो संपला की नळ्या वितळणार. शेजारीच एक नंबरची टाकी धडधाकट उभी होती. नळ्यांचा डबा इकडून काढून तिकडे टाकायचा, एवढंच. दोन मिनिटांचं काम.

मी जाड हातमोजे घातले. डॉक्टर दारासमोर येऊन उभे राहिले.

"खंय चललंस?"

"डॉक्टर, टाकी गेली. हलवायला हव्यात नळ्या."

"पंखा बंद आहे सकाळपासून. डबा वाजतोय."

"तो रोजच वाजतो!"

"आज खरा वाजत असेल तर?"

"आणि खोटा वाजत असेल तर? अकरा नंबर जाईल, डॉक्टर. पुन्हा कुठून आणणार?"

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "माका ठावक नाय काय?" ते म्हणाले. घाबरले की ते मालवणीत जायचे. "हयच रव. भितुर जाव नको. मी मेणबत्ती घेऊन येतंय." आणि ते ऑफिसच्या खणाकडे धावले. घागकाका मागच्या पिंजऱ्यांकडे गेले होते. दारापाशी मी एकटीच होते.

पुढचं मी पुष्कळ दिवस कुणालाही सांगितलं नाही.

मी दार उघडलं आणि आत गेले. एक पाऊल, दुसरं पाऊल. पायांना गार लागलं, बाकी काही नाही. श्वास नेहमीसारखा चालला होता. उलट बरं वाटत होतं, हलकं. मोबाईलचा उजेड पिवळट झाल्यासारखा वाटला. टाकी हाताच्या अंतरावर होती आणि मला वाटलं, आपण इथे कशासाठी आलो बरं? एवढंच आठवतं. मग मी उंबऱ्यावर बसलेली होते, गुडघे खरचटलेले, अर्धं अंग बाहेर. कशी आले, वळले की मागे पडले, मला आजही सांगता येत नाही. मागे पडण्याऐवजी पुढे पडले असते तर, हा विचार मात्र तेव्हाच आला.

डॉक्टर आले तेव्हा मी दार लोटून भिंतीला टेकून बसले होते. त्यांना वाटलं मी रडतेय. त्यांनी जळमटं काढायच्या बांबूला मेणबत्ती बांधली होती. दार हातभर उघडून त्यांनी ती कमरेच्या उंचीवर आत सरकवली. ज्योत बारीक झाली आणि कुणी चिमटीत धरावी तशी विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा सरकवली. पुन्हा विझली.

"बघितलंस?" ते म्हणाले.

मी मान हलवली. मी बघितलंच होतं.

दार सताड उघडं टाकून त्यांनी मला आणि घागकाकांना अंगणात झाडाखाली नेलं. वाऱ्याचं नाव नव्हतं, पान हलत नव्हतं. दर थोड्या वेळानं डॉक्टर श्वास रोखून दारापर्यंत जायचे, मेणबत्ती आत धरायचे आणि परत यायचे. घागकाका चिडून म्हणाले, "अहो, वाऱ्यानं विझते ती, दाराच्या." डॉक्टर पुन्हा मेणबत्ती पेटवून दाराकडे गेले. पावणेदोन तासांनी ज्योत टिकली. ते एकटे आत गेले आणि नळ्यांचा डबा हातात घेऊन बाहेर आले. हातमोज्यांशिवाय. तेव्हाच मला कळलं, डब्यात गारवा उरला नव्हता.

वीज नव्हती. जुना आरशाचा सूक्ष्मदर्शक त्यांनी पडवीत उन्हाला ठेवला. एकेक नळी तपासली, वीसच्या वीस. कुठेच काही हललं नाही.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. आमचे संचालक आणि बाहेरून आलेले दोघं. मला एकटीला आत बोलावलं. माझा करार पुढच्या महिन्यात संपत होता आणि घरात बाबांचं काम सुटलेलं होतं.

"हा अलार्म याआधी खोटा वाजला होता?"

"हो."

"मेणबत्ती दार उघडल्याच्या झोतानं विझू शकते?"

"शकते."

"कुणाला चक्कर, गुदमरणं, काही त्रास झाला?"

मी खाली बघत होते. गुडघ्यावरची खपली सलवारीला घासत होती. आत जाणं हा नियमभंग होता. तो कबूल केला असता तर त्याच दिवशी घरी बसले असते.

"नाही."

"तुम्ही स्वतः आत गेला होतात?"

"नाही," मी म्हणाले.

अहवालात लिहिलं होतं की अवाजवी भीतीपोटी घेतलेल्या निर्णयामुळे अमूल्य नमुने नष्ट झाले. डॉक्टरांना मुदतवाढ मिळाली नाही. माझा करार वाढला. जाताना त्यांनी भिंतीवरचा कागद काढला नाही. फक्त कोपऱ्यातल्या त्या एकट्या चौकोनावर पेन्सिलीनं तिरकी रेघ मारली, मेलेल्या प्राण्यावर मारतात तशी. सकाळी पडवीत आता कुणी काही विचारत नव्हतं. मला मात्र बसमध्ये भीत्या सुचत राहायच्या आणि त्या सांगायला माणूस नव्हता.

तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. पहिल्या मजल्यावरचं घर. काकूंनी साखळी न काढताच आधी मला नीट बघून घेतलं. डॉक्टर बारीक झाले होते. चहा आला, पावसाबद्दल बोलून झालं, आणि मग मी एका दमात सांगून टाकलं. आत गेले होते ते. चौकशीत खोटं बोलले ते.

त्यांनी कप खाली ठेवला. "किती पावलं?"

"दोन."

"काय वाटलं?"

"काही नाही. बरं वाटत होतं."

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, तरी खांदे हलत होते. मला वाटलं आता बोलतील मला. बोलावंच, असंही वाटत होतं.

"माझे वडील विहिरीचा गाळ काढायला उतरले होते," ते म्हणाले. "आत विषारी हवा साचलेली. ते पडले. त्यांना काढायला काका उतरले, तेही पडले. मग आई निघाली. शेजारच्या माणसानं तिला धरली आणि लुगड्यानं फणसाच्या झाडाला बांधली. मग कंदील सोडून बघितला. तो विझला. आई वाचली. पण जिवंत असेपर्यंत ती त्या माणसाला शिव्या देत राहिली, की याच्यामुळे माझा घोव गेला. तो समोरच राहायचा. एकदाही उलटून बोलला नाही." त्यांनी कप बाजूला सरकवला. "तू गेली असतीस गो, तर तुझ्यामागनं मी गेलो असतो. मला ठाऊक आहे ना माझं. म्हणून मला एवढी भीती वाटते."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

मग ते उठले, खिडकी लावली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता मी तुला एक सांगतो. अकरा नंबरच्या चार नळ्या तपासणीत वापरल्या असं मी रजिस्टरात लिहिलंय. वापरल्या नव्हत्या."

मला काहीच कळेना.

"एकाच खोलीत सगळं ठेवायची मला भीती वाटली. आरेतल्या एका तबेल्यात माझा जुना सहकारी होता, वळूंच्या रेतमात्रा सांभाळायचा. त्याच्या कंटेनरात ठेवल्या. परवानगी न घेता रानातल्या जनावराचं बीज बाहेर नेलं, गुन्हा आहे तो. चौकशीत बोललो असतो तर त्याची नोकरी गेली असती. गेल्या महिन्यात तो रिटायर झाला. आता तिथे कुणाला ठाऊक नाही आत काय आहे ते. नायट्रोजन कोण भरतं की नाही, देव जाणे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तीन दिवस मी चपला घालतोय आणि काढून ठेवतोय. तिथे जाऊन रिकामा कंटेनर बघायचा, तेवढं काळीज माझ्यात उरलं नाही. तू जा. आणि मग कुणाला काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव घ्यायला लागलं तर घे."

मी तशीच निघाले. मुलुंडहून आरेपर्यंत बस रखडत होती आणि मी दर सिग्नलला मिनिटं मोजत होते. तबेल्यावर पोचले तेव्हा चार वाजले होते. नवीन सुपरवायझर बाई होत्या, स्वभावानं बऱ्या. डॉक्टरांनी सांगितलेला निळा कंटेनर मी दाखवला तर म्हणाल्या, "तो? तो जुन्या साहेबांचा. आम्ही वापरत नाही. ते गेल्यापासून कोणी भरला नसेल."

"उघडू?"

"उघडा की. काय आहे त्यात?"

त्यांच्याकडून मोजायची लाकडी पट्टी घेतली, झाकण काढलं आणि पट्टी बुडाला टेकेपर्यंत आत सोडली. आतला नायट्रोजन दिसत नाही, पट्टी सांगते. जेवढी बुडली तेवढ्यावर बाहेर आल्यावर दव गोठतं. मी दहा आकडे मोजले, पट्टी वर काढली आणि हवेत हलवली.

पट्टी कोरडी होती. तपकिरी लाकूड, बाकी काही नाही. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "संपलंय वाटतं." मी हलवत राहिले. मग अगदी टोकाला पांढरं उमटलं. ते चढायला लागलं. एक बोट. दीड. दोन बोटांवर येऊन थांबलं.

"आहे," मी म्हणाले. "बाई, आत्ताच्या आत्ता हा भरा. मी लेखी देते, पण आधी भरा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक शब्द न विचारता मोठ्या टाकीची नळी ओढली. पांढरी वाफ जमिनीवर पसरली आणि मी दोन पावलं मागे सरले. मोकळ्या शेडमध्ये होते, तरी सरले.

कंटेनर भरून झाकण बसलं तेव्हा मी बाहेर गव्हाणीशी येऊन संचालकांना फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला. चार नळ्या आहेत, हे सांगायचं होतंच. डॉक्टरांनी काय केलं ते सांगायचं होतं. पण त्याआधी माझं होतं, आणि ते सांगितल्यावर माझी नोकरी राहील असं मला वाटत नव्हतं.

"बोला," संचालक म्हणाले.

"सर, मला माझा जबाब बदलायचाय."

"कसला जबाब?"

"टाकीच्या चौकशीतला. तुम्ही मला विचारलं होतं, मी खोलीत गेले होते का."

मागे कुठलीतरी गाय दावणीला हिसके देत होती.

"मी आत गेले होते," मी म्हणाले.